बत्तिसावा हिस्सा

आसनेच्या खोऱ्यातील आमच्या वसमत गावाला हळदीने नाव दिले, पूर्णा कारखान्याने साखर दिली आणि पूर्णा-अकोला मार्गावरील मीटर गेजच्या गाडीने वर्षानुवर्षे धूर दिला. विमान मात्र या गावाच्या वाट्याला कधी आले नाही, आणि आजही ज्यास ते जवळून पाहावयाचे असेल त्याला नांदेडची वाट धरावी लागते. असे असूनही माझ्या फावल्या वेळाचा फार मोठा भाग विमाने बांधण्यात गेला, ही गोष्ट माझ्या परिचितांना अद्याप चमत्कारिक वाटते. तहसील कचेरीत हयात घालवून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या इसमाने दुपारची वामकुक्षी सोडून, डोळ्याला भिंग लावून, चिमट्यात तांदळाच्या कणीएवढा प्लॅस्टिकचा तुकडा धरून श्वास रोखून बसावे, हे दृश्य आमच्या गल्लीच्या दृष्टीने कौतुकाचे कमी आणि काळजीचे अधिक असते.

या छंदाचे मूळ ज्वारीच्या धांड्यात आहे. सुगी आटोपून कडब्याच्या गंजी लागल्या की आम्हां पोरांचा कारखाना सुरू होई. धांड्याची साल दातांनी सोलून काढावी, आतला पांढरा, हलका भेंड नखाने खुडून त्याचे तुकडे करावेत आणि सालीच्याच टोकदार पट्ट्या त्यांत खुपसून बैलगाडी, चष्मा, पाळणा, जे मनात येईल ते उभे करावे. सालीने बोटे चिरली जात, पण त्याची तक्रार घरी करण्याची सोय नव्हती. इतर मुले गाड्या करीत. मी विमान करी, कारण आमच्या घरात विमान ही ऐकीव का होईना पण वहिवाटीतली वस्तू होती. १९४८ च्या सप्टेंबरात, म्हणजे माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, हैदराबाद संस्थानावरील पोलीस ॲक्शनच्या त्या पाच दिवसांत, रझाकारांच्या भयाने उभ्या ज्वारीत दडून बसलेल्या बायांच्या डोक्यावरून विमान गेले आणि ते आपल्याकडचे की निजामाकडचे हे कोणासच कळेना, ही हकिगत आई अनेकदा सांगे. तिची हकिगत संपली की आजोबा, जे जुन्या अमदानीतले पटवारी होते, सुपारी कातरता कातरता आपला एकच शेरा मारीत: "इमान कुणाचं का असंना, पैका रयतेचाच." हा शेरा मी लहानपणी केवळ ऐकला, त्याचा अर्थ लागण्यास मला वयाची साठी उलटावी लागली.

नांदेडला महाविद्यालयात असताना बाल्सा नावाच्या परदेशी लाकडाची ओळख झाली. भेंडाइतकेच हलके, परंतु भेंडापेक्षा आज्ञाधारक. मुंबईहून टपालाने मागविलेल्या त्याच्या पातळ फळ्या कापून, वर कागद ताणून, आत रबराचा पिळा घालून केलेली विमाने वसतिगृहाच्या मागील मैदानावर खरोखर उडत, आणि बहुधा बाभळीत अडकत. पुढे नोकरी लागली, संसार झाला, बदल्या झाल्या. बाल्साची जागा प्लॅस्टिकच्या सुट्या भागांच्या लहान खोक्यांनी घेतली, ज्यांत विमानाचा बहात्तरावा अंश मावतो आणि जी एखाद्या रविवारी संपूनही जातात. त्या काळाविषयी विस्ताराने लिहावे असे काही नाही. त्या विमानांनी मला सांगितले ते थोडे, आणि मीही त्यांना विचारले नाही.

विचारपूस सुरू झाली ती एका स्पिटफायरमुळे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेल्या त्या विमानाच्या अंगावर झेप घेणारा काळा बिबळ्या रंगविलेला होता, आणि खाली पथकाचे नाव होते: १५२, हैदराबाद. अधिक शोध घेता कळले की या पथकाच्या अधिकृत चिन्हात निजामाची दस्तार आहे, आणि ब्रीदवाक्य आहे ‘एकनिष्ठ दोस्त’, जो किताब इंग्रज सरकारने सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांस १९१८ मध्ये बहाल केला होता. हरिकेन विमानांचे २५३ क्रमांकाचे आणखी एक पथक हैदराबाद संस्थानाच्या नावाचे होते. आणि या सर्वांच्या आधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, ११० क्रमांकाचे पथक होते, ज्याला त्याची पहिली सर्वच्या सर्व विमाने निजामांनी भेट दिली होती. ती डी. एच. नाइन ए या जातीची, दोन आसनांची, दुहेरी पंखांची बाँबफेकी विमाने होत. प्रत्येकाच्या बाजूवर ही हैदराबादच्या निजामांची भेट असल्याचा लेख इंग्रजी अक्षरांत रंगविलेला असे. सप्टेंबर १९१८ पासून फ्रान्समधील तळावरून ही विमाने जर्मन शहरांवर दिवसाउजेडी जात, आणि त्यांतली बरीच परत येत नसत.

त्या जातीचे विमान आपण बांधावे हा ध्यास मला लागला, आणि योगायोगाने धाकटा मुलगा नोकरीनिमित्त न्यूझीलंडात होता, जेथे विंगनट विंग्ज ही कंपनी पहिल्या महायुद्धातील विमानांचे बत्तिसाव्या अंशाचे संच काढीत असे. ही कंपनी चित्रपट दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांची. २०२० साली ती बंद पडली आणि तिच्या संचांच्या किमती सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या. माझे खोके त्यापूर्वीच वसमतला पोहोचले होते, म्हणून मी या व्यवहारात नकळत धनवान ठरलो.

बत्तिसावा हिस्सा म्हणजे काय, हे सांगणे जरूर आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार चौदा मीटर. तो माझ्या टेबलावर चव्वेचाळीस सेंटिमीटर होतो. वैमानिक उभा केला तर सव्वापाच सेंटिमीटरांचा भरतो. गावनकाशे आणि टिपणे हाताळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला प्रमाणाचे महत्त्व कोणी पटवून देण्याची आवश्यकता नसते: लहान प्रमाणाच्या नकाशात बांध, विहीर, पाणंद सारे एका रेघेत दडपता येते आणि कोणाची हरकत येत नाही, प्रमाण वाढविले की प्रत्येक बांधाला आपले वळण दाखवावे लागते, आणि वळण आले की वाद आलाच. बहात्तराव्या अंशात इंजिन म्हणजे एक उंचवटा. बत्तिसाव्या अंशात लिबर्टी जातीच्या त्या अमेरिकन इंजिनाची बारा नळकांडी, सहा-सहाच्या दोन रांगांत, एकेक चिकटवावी लागतात, आणि चारशे अश्वशक्तीचे ते धूड एका ब्रिटिश सांगाड्यात बसविताना येऊव्हिलच्या वेस्टलँड कारखान्यातील लोकांना काय काय जमवावे लागले असेल याची अंधूक कल्पना बोटांना येते.

काम मी सावकाश केले. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा त्रेचाळीसच्या वर जातो, तेव्हा कुंचल्यावरचा रंग विमानापर्यंत पोहोचण्यापूर्वीच सुकतो, आणि रंगाची हवाबंदूक चालवावी तर भारनियमनाचे वेळापत्रक आडवे येते. म्हणून रंगकाम पावसाळ्यातील उघडिपीसाठी आणि जोडकाम हिवाळ्यासाठी राखून ठेवावे, ही वाटणी मी शेतकऱ्यांच्या हंगामांप्रमाणे कायम केली. प्रथम बैठकीची जागा: वैमानिक आणि निरीक्षक या विमानात पाठीला पाठ लावल्यागत जवळ बसत, कारण आधीच्या डी. एच. फोरमध्ये दोघांच्या मधोमध पेट्रोलची टाकी होती आणि त्यामुळे एकमेकांशी बोलणे दुरापास्त होई. आतल्या लाकडी चौकटींना लाकडाचा भास आणण्यासाठी पिवळट रंगावर तपकिरी तैलरंगाचा जवळजवळ कोरडा कुंचला ओढावा लागतो. हे सर्व झाले की दोन्ही बाजू मिटतात आणि आतले काम कायमचे झाकले जाते. माझ्या पत्नीने एकदा विचारले, "अहो, दिसणारच नाही तर एवढं रंगवता कशाला?" तिचा प्रश्न बिनतोड होता. मी फक्त एवढेच म्हणालो की कचेरीत लिहिलेल्या मिसली तरी कोण उघडून पाहतो.

तारांचे काम मात्र स्वतंत्र प्रकरण आहे. दुहेरी पंखांमधील तारा शोभेच्या नसतात. उड्डाणात पंख वर उचलले जाऊ पाहतात, त्यांना धडाशी बांधून ठेवणाऱ्या तारा एका दिशेने तिरप्या जातात. जमिनीवर उभे असता पंख आपल्याच भाराने लोंबू पाहतात, त्यांना तोलून धरणाऱ्या दुसऱ्या दिशेने. उड्डाणाच्या तारा जोडीजोडीने असतात, कारण त्यांच्यावर जीव टांगलेला असतो. मी यासाठी मासेमारीची बारीक तंगूस वापरली. ती कितीही ओढून बांधली तरी काही दिवसांनी सैल पडते, आणि मग पेटलेल्या उदबत्तीचे टोक तिच्याजवळून, स्पर्श न करता, फिरविले की आकसून ताठ होते. देवघरातील उदबत्ती या कामी लागू लागल्यापासून घरात धार्मिकतेचा सुगंध वाढला असल्याचे पाहुणे बोलून दाखवीत, आणि आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

कापडाच्या भागाशी आलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली, जिच्यामुळे मी काही काळ काम थांबविले. त्या काळच्या विमानांच्या पंखांवर ताणलेले कापड लिननचे, बहुधा आयर्लंडचे असे. ते ताणून वर रोगणाचे हात दिले की चामड्यासारखे घट्ट होई. लिनन ज्या झाडाच्या दोऱ्याचे होते ते झाड म्हणजे आपले जवस, जे वसमत-कळमनुरीच्या रब्बी रानांत निळ्या फुलांनी डोलते आणि ज्याचे आपण तेल काढतो आणि चटणी करतो. आमच्या मुलखाचा कापूस त्या पंखांवर चढला नाही. चढला तो त्याचा पैसा.

हैदराबाद संस्थानाच्या जमेत जमीन महसुलाचा वाटा मोठा होता. परभणी जिल्ह्यातला वसमत तालुका, त्यातील कापूस-ज्वारीची काळी रानं, हाली सिक्क्यात भरलेला धारा, त्याच्या पावत्या, तालुक्याच्या खजिन्यातून वर गेलेला भरणा: हे सर्व फसली, म्हणजे महसुली, सन १३२७ च्या दप्तरात कोठेतरी नोंदलेले असणार, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला फ्रान्समधील एका गवताळ मैदानावर विमानांची रांग उभी होती. तो १९१८ चा पावसाळा दख्खनवर कोपलेला होता. त्याच्या पाठोपाठ मानमोडीची साथ आली आणि गावेच्या गावे आजारी पडली. भेटीच्या लेखात देणाऱ्याचे नाव आहे. ज्याने भरले त्याचे नाव असे लेख लिहिताना कोणी विचारत नाही, आणि महसूल खात्यात चाकरी केलेल्या मला याचे नवल वाटण्याचे कारण नव्हते. तरीही ती अक्षरे कुंचल्याने एकेक रंगविताना आजोबांच्या अडकित्त्याचा आवाज मला ऐकू येत होता.

मी रंगविले ते विमान एफ १०१०, ज्यावर ‘हैदराबाद क्रमांक १२ ए’ असे लिहिलेले होते. त्याची कहाणी एखाद्या दिवाणी दाव्याइतकी लांबलेली आहे. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी, फसली साल सरता सरता, ते जर्मन हद्दीत उतरले आणि वैमानिक-निरीक्षक कैद झाले. विमान बर्लिनच्या संग्रहालयात विजयचिन्ह म्हणून मांडले गेले. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावाच्या भयाने पूर्वेकडे हलविलेल्या वस्तूंबरोबर पोलंडमध्ये गेले, तेथे क्राकोच्या संग्रहालयात राहिले, आणि १९७७ मध्ये एका स्पिटफायरच्या मोबदल्यात लंडनच्या हेंडन येथील हवाई दलाच्या संग्रहालयात आले. आज ते तेथे आहे. म्हणजे ज्यांच्यावर बाँब टाकावयाचे त्यांनीच ते वीस-पंचवीस वर्षे सांभाळले. याच जातीची विमाने पुढे वायव्य सरहद्दीवर आणि इराकात खेड्यांवर बाँब टाकण्यासाठी वापरली गेली, हे मात्र भेटीच्या कौतुकात फारसे कोणी सांगत नाही.

विमान पुरे झाल्यावर नातू ते फिरवून पाहत म्हणाला, "आजोबा, खालच्या पंखावर बारीक अक्षरांत ‘वसमत’ लिहा ना. मोडीत लिहा, कुणाला कळणार पण नाही." मोह झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु मूळ विमानावर जे नव्हते ते नमुन्यावर लिहिणे म्हणजे आदेशावाचून फेरफार मंजूर करणे, आणि ते मी नोकरीत कधी केले नाही. त्यावर त्याने वाद घातला की मग आपण खाली एक पाटी ठेवू, त्यावर लिहू. आणि पाटीवर काय लिहावे याविषयी घरात अद्याप एकमत नाही. सुनेचे म्हणणे, फक्त जातीचे नाव आणि साल पुरे. नातू म्हणतो, ‘शेतसाऱ्यातून’ एवढा एकच शब्द लिहा. माझा कल त्याच्या बाजूला आहे.

सध्या टेबलावर दुसरे खोके उघडलेले आहे: टेंपेस्ट, एका पंखाचे, सेंटॉरस इंजिनाचे, १९४८ च्या सप्टेंबरात भारतीय वायुदलाने हैदराबादच्या मोहिमेत वापरलेल्या जातीचे. त्याच्या पंखांचा विस्तार बत्तिसाव्या अंशात एकोणचाळीस सेंटिमीटर येईल. दोन्ही विमाने एकाच फळीवर समोरासमोर मांडावीत असा विचार आहे, म्हणजे तीस वर्षांचा हिशेब एका नजरेत येईल. पण कपाटाची फळी आखूड पडते, आणि तिरकी मांडली तर तारा काचेला घासतात. गल्लीतल्या सुताराला माप घेण्यास बोलाविले आहे, आणि हळदीचा हंगाम संपल्याशिवाय सवड नाही असा त्याचा निरोप आला आहे.