एकेक तार बदलताना

गेल्या उन्हाळ्यात आईची मिरजेची सतार कपाटावरून खाली काढली. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तारा जुन्याच होत्या. "वाजताहेत ना, मग कशाला खर्च?" असा आपला बायकी हिशेब केला आणि बसले वाजवायला.

चार दिवसांत तर्जनीला चीर पडली. भांडी घासताना साबण झोंबायचा. "या वयात कशाला हा त्रास?" ह्यांनी विचारलं. ते साबणापेक्षा जास्त झोंबलं!

बाजाची, म्हणजे मध्यमाची पोलादी तार साधारण ०.३० मिलिमीटर जाडीची असते. मी ०.२८ची आणली. बोट सुखावलं, मींडही सहज निघू लागली. पण आवाज पाणी घातलेल्या आमटीसारखा! मग ०.३३ची लावली. ती भरदार बोलली खरी, पण जाडी एवढीशी वाढली तरी त्याच सुराला ताण पाचव्या हिश्शाने वाढतो. खुंटी सटकायची, मींड ओढताना मनगट भरून यायचं. शेवटी ०.३०चीच नवी तार चढवली, आणि काय सांगू, बोट कापेना! थोडा घट्टाही पडला होता म्हणा. पण खरा दोष जुन्या तारेवरच्या गंजाचा होता.

जोडाच्या तारेची गोष्ट वेगळी. ब्राँझची लावली, ती खणखणीत वाजली. तरी काहीतरी चुकतंय असं वाटे. आईच्या नखीच्या डबीत पितळी तारेचं वेटोळं सापडलं. तीच तार चढवून षड्ज छेडला. आवाज मऊ, जरासा दबका. गणपतीला आलेली धाकटी बहीण स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनीच बाहेर आली. "अगं, ही आईची सतार!" एवढंच म्हणाली, आणि दोघीही गप्प झालो.

तुमच्या घरी असं वाद्य असेल तर एका वेळी एकच तार बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. नवी तार पहिले काही दिवस उतरते. लगेच तिला नावं ठेवू नका. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने तारा पुसा. फडक्यावर तांबूस डाग पडला, तर पोलादी तारेचे दिवस भरले समजा.

आईच्या वेटोळ्यात आणखी एकदा पुरेल एवढी तार उरली आहे. ती बहिणीसमोरच चढवायची, असं ठरवलंय.