कार्पेट शेवटी बघू

घरात होम थिएटर करायचं ठरलं की माणूस आधी प्रोजेक्टर बघतो, मग स्पीकर, मग पडदा, मग पाय पसरायच्या खुर्च्या. कार्पेटचं नाव निघालं की "ते शेवटी बघू." मीही हेच म्हणालो होतो. कार्पेट पसरायचं शेवटीच असतं, त्यात चूक नाही. पण मी त्याचा विचारही शेवटी केला, आणि त्या एका आळसातून बाकीच्या चुका निघाल्या.

खोली कोल्हापुरातल्या आमच्या जुन्या घराच्या तळमजल्यावरची, १८ फूट लांब आणि १४ फूट रुंद, खाली शहाबादी फरशी. दुकानात जाऊन मी क्षेत्रफळ सांगितलं, २५२ चौरस फूट, आणि दहा-बारा फूट जास्तच घेतलं म्हणून स्वतःवर खूश झालो. कार्पेट चौरस फुटावर विकतात, पण ते रोलवर येतं आणि रोलला रुंदी असते, हे डोक्यातच आलं नाही. माझा रोल ४ मीटरचा, म्हणजे १३ फूट दीड इंच. खोली १४ फूट. रोलमधून २० फूट लांबी कापून घरी आणली आणि पसरली, तेव्हा एका भिंतीकडेनं साडेदहा इंचांची पट्टी उघडी पडली. उरलेल्या दोन फुटी तुकड्यातून तेवढ्या रुंदीच्या पट्ट्या निघत होत्या, पण आडव्या.

बसवणारे काका कातर हातात धरून थांबले. "साहेब, ह्येची लव आडवी येतीया. उजेडात दिसंल बघा."

"अंधारातच तर बसायचंय की!" मी म्हणालो.

कार्पेटचे धागे एका बाजूला कललेले असतात. सगळे तुकडे एकाच दिशेनं लावले नाहीत तर उजेड त्यांच्यावर वेगवेगळा पडतो आणि एकाच रोलमधली दोन कापडं दोन रंगांची वाटतात. थिएटरच्या खोलीतही झाडताना, आवरताना, पाहुण्यांना कौतुकानं दाखवताना दिवा लावावाच लागतो. पाहुणे पडदा बघायच्या आधी ती पट्टी बघायचे.

याहून वाईट म्हणजे मागची रांग उंचावर हवी, हे कार्पेट चिकटवून झाल्यावर कळलं. पहिल्याच सिनेमाला मागच्या खुर्च्यांवरच्यांना अर्धा पडदा आणि पुढच्यांची डोकी दिसली. मग प्लायवूडचा ६ फूट खोल, ९ इंच उंच प्लॅटफॉर्म करून तो कार्पेटवरच ठेवला. म्हणजे १४ बाय ६ फुटांचं नवं कोरं कार्पेट कुणाला न दिसणाऱ्या जागी गाडलं, आणि वरच्या उघड्या प्लायसाठी पुन्हा दुकान गाठलं. पुढे एकदा कागदावर आकृती काढली तेव्हा चडफडलोच. रोल आडवा धरून १४ फुटांचे दोन तुकडे घेतले असते, तर पहिला पडद्याच्या भिंतीपासून १२ फूट जमीन झाकून, प्लॅटफॉर्मच्या ९ इंची तोंडावर चढून, वरच्या कडेपाशी संपला असता आणि कापायला चार-साडेचार इंच उरले असते. दुसरा तुकडा वर. जोड येतो तो नेमका पायरीच्या कडेवर, जिथे नाहीतरी धातूची पट्टी लागतेच. कापड शंभरएक चौरस फूट जास्त लागलं असतं, पण जोड दिसला नसता आणि दुसरी खरेदी टळली असती. त्यासाठी प्लॅटफॉर्म आणि कार्पेट एकाच कागदावर मांडायला हवं होतं.

वायरींचंही तसंच. मागच्या स्पीकरांच्या वायरी कार्पेटखालून नेल्या तर भिंत फोडावी लागणार नाही, असा हिशेब केला. दिसायला छान झालं. थोड्याच दिवसांत पायाखाली शिरा लागायला लागल्या, आणि वायरीचं काही बिनसलं तर पूर्ण चिकटवलेलं कार्पेट उकलायचं कोणी? विजेची वायर मात्र कार्पेटखालून नेली नाही, एवढी अक्कल शाबूत होती. पायांनी चेंगरलेली, वर झाकण घातलेली वायर तापते आणि आग लागू शकते.

रंग मी मरून निवडला. थिएटर म्हणजे लाल गालिचा, हे डोक्यात लहानपणापासून बसलेलं. जुन्या चित्रपटगृहांत पडदा कुठच्या कुठे दूर असायचा. माझ्या खोलीत तो जमिनीपासून दोन फुटांवर. प्रोजेक्टरचा उजेड पडद्यावरून जमिनीवर येतो आणि जमिनीचा रंग घेऊन परत पडद्यावर जातो. बर्फाच्या दृश्यात पडद्याच्या खालच्या भागाला गुलाबी झाक यायची. पडद्यासमोरची जमीन काळसर आणि बिनचमकीची हवी, बाकी आवडीनिवडी मागच्या भिंतीवर कराव्यात. तात्पुरता उपाय म्हणून पट्टणकोडोलीच्या बिरदेव यात्रेतून आणलेली काळी घोंगडी पुढे अंथरली. तिनं काम इतकं चोख केलं की मला महागड्या कार्पेटची लाज वाटली.

आवाजाबद्दलचा गैरसमज बहुतेकांचा असतो, म्हणून तो जरा सविस्तर सांगतो. कार्पेट घातलं की खोली 'साउंडप्रूफ' होते, असं मी धरून चाललो होतो. कार्पेट खोलीतला घुमारा कमी करतं, आवाज बाहेर जाणं थांबवत नाही. त्याला जड भिंत आणि फटी नसलेलं दार लागतं. वरच्या मजल्यावरच्या खोलीत कार्पेट खालच्यांना पावलांच्या आवाजापासून वाचवतं, पण आमच्या खाली कोल्हापूरची माती. त्यातून कार्पेटला दार घासायला लागलं म्हणून सुतारानं ते खालून तासलं, आणि गरजेपेक्षा जास्त तासलं. उरलेल्या फटीतून खलनायकाचं हसू थेट स्वयंपाकघरात.

शोषणातही कार्पेट समदर्शी नसतं. ध्वनिशास्त्राच्या पुस्तकांतल्या तक्त्यांप्रमाणे काँक्रीटवर थेट पसरलेलं जाड कार्पेट ४००० हर्ट्‌झचा आवाज ६५ टक्के शोषतं, पण १२५ हर्ट्‌झच्या खर्जातला जेमतेम २ टक्के. तेच फोमच्या जाड थरावर घातलं तर माणसाच्या बोलण्याच्या पट्ट्यात, म्हणजे ५०० हर्ट्‌झच्या आसपास, १४ टक्क्यांचे ५७ होतात. खर्जात मात्र तरीही ८ च. मी फोम वगळला होता, कारण त्यानं उंची वाढते आणि खर्चही. त्यामुळे टाळीचा घुमारा गेला, संवादातली धार बोथट झाली आणि खर्ज होता तसाच गडगडत राहिला. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलंही, "तुमच्याकडे रात्री गिरणी चालते का रे?"

या सगळ्यासह मी जगलो असतो. ओलीसह जगता येत नाही.

आई सुरुवातीलाच म्हणाली होती, "अरे, या खोलीत आषाढात जाजमसुद्धा टिकत नाही." ती दर पावसाळ्यापूर्वी सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकायची. मी तिला सांगितलं की आता कार्पेट सिंथेटिक असतं, त्याला काही होत नाही. काम एप्रिलमध्ये केलं. तेव्हा फरशी खडखडीत कोरडी होती. जुन्या घरांत शहाबादी फरशी मातीच्या भरावावर थेट बसवलेली असते, मध्ये ओल अडवणारा थर नसतो. पाऊस लागला की जमिनीतली वाफ सांध्यांतून वर येते आणि उघड्या फरशीवरून उडून जाते, म्हणून एरवी कळतही नाही. तिच्यावर मी चिकट गोंदाचं आणि दाट कापडाचं झाकण बसवलं होतं. जुलैच्या मध्यात खोलीला कुबट वास येऊ लागला. मी आधी एसीला दोष दिला, मग उंदराला. कोपरा उचकटला तेव्हा गोंद पांढरा आणि लिबलिबीत झालेला, कार्पेटच्या पाठीवर काळे ठिपके. धागा सिंथेटिक असला तरी त्यातली धूळ आणि सांडलेला चिवडा सिंथेटिक नसतो, आणि बुरशीला तेवढं पुरतं.

सगळं काढलं. फरशीवरचा गोंद खरवडणं हे मी आयुष्यात केलेलं सर्वांत कंटाळवाणं काम. मग सांधे भरून घेतले, इपॉक्सीचे दोन हात दिले आणि मुद्दाम पुढचा पावसाळा जाऊ दिला. वायरींसाठी भिंतीच्या कडेनं पाइप टाकला, प्लॅटफॉर्म आधी बांधला, त्याच्या पोटात रॉकवूल भरलं. कोपऱ्यांतही रॉकवूलचे जाड पॅनेल उभे केले, खर्ज त्यांनी आटोक्यात आला. आणि रोलऐवजी कोळशाच्या रंगाच्या ५० बाय ५० सेंटिमीटरच्या कार्पेट टाइल्स घातल्या, पुन्हा सुटतील अशा गोंदानं. त्या पातळ असतात, फोमवरच्या कार्पेटइतका आवाज शोषत नाहीत, पायांनाही तितक्या मऊ लागत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या कोरड्या खोलीत मी आजही फोम आणि रोलच घेईन. पण तळमजल्यावर हवी तेव्हा एक टाइल उचलून खाली डोकावता येतं, आणि हे सुख मऊपणापेक्षा मोठं आहे.

जुन्या घरात तळमजल्यावर अशी खोली करणार असाल तर एवढं करा. दीड फूट चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना टेप लावून फरशीवर घट्ट चिकटवा आणि दिवसभर तसाच राहू द्या. उचलल्यावर आतून दव दिसलं किंवा फरशी काळवंडलेली दिसली, तर कार्पेटवाल्याआधी वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलवा. आणि ही परीक्षा एप्रिलमध्ये नको, जुलैमध्ये घ्या.