बंदुकीची जन्मपत्रिका

लग्न जुळवताना पत्रिका पाहणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. बंदुकीची पत्रिका पाहणारे गृहस्थ मात्र मी एकच पाहिले. ते माझे मामा. गोंदिया तालुक्यातील दवनीवाडा हे त्यांचे गाव. पोलीस खात्यात त्यांनी हयातभर हत्यारांची दुरुस्ती केली. खात्यात ते ‘आर्मोरर हवालदार’ होते, गावात नुसतेच ‘बंदूकवाले’. निवृत्तीनंतर धानाच्या बांध्या आणि एक जाडजूड वही एवढाच त्यांचा संसार उरला. हाताखालून गेलेल्या रायफलींवरचे शिक्के त्यांनी पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवले होते, आणि ते कागद त्या वहीत डकवले होते.

तुम्ही म्हणाल, बंदूक ती बंदूक. तिच्यावर वाचण्यासारखे काय असणार? मलाही तसेच वाटे. परंतु मामांच्या थ्री-नॉट-थ्री रायफलीवर एखाद्या ताम्रपटाहून अधिक मजकूर असे. दस्ता लोखंडाला जिथे मिळतो तिथे उजव्या अंगाला मुकुट, कारखान्याचे नाव आणि साल. ‘एनफिल्ड’ म्हणजे इंग्लंडचा माल, ‘लिथगो’ म्हणजे ऑस्ट्रेलियाचा, ‘ईशापूर’ म्हणजे आपल्या बंगालमधला. मुकुटाखाली ‘जी. आर. आय.’ अक्षरे असली तर ती जॉर्ज राजा-सम्राटाची. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. नमुन्याच्या नावापुढे चांदणी दिसली, तर तो १९१६ साली मंजूर झालेला सुटसुटीत प्रकार. महायुद्धाच्या घाईत त्यातून काही भाग गाळून टाकले होते. पुढचे लाकूड फाटू नये म्हणून त्यात आडवा बसवलेला स्क्रू दिसला, की रायफल भारतात राहून गेली असे समजावे. जगभरचे जाणकार त्याला ‘ईशापूर स्क्रू’ म्हणूनच ओळखतात.

मी उत्साहाने नावे आणि साले वाचू लागलो, की मामा हात वर करीत. “नाव मंग वाच बाबू, आंधी नंबर वाच!”

या नंबरापायी मामांनी एकदा नोकरी पणाला लावली होती. चांदमारीच्या दिवशी सगळ्या रायफली एकत्र साफ करून ठेवल्या होत्या. मामांनी नेहमीप्रमाणे प्रत्येकीच्या अंगावरचा नंबर आणि बोल्टच्या मुठीमागचा नंबर ताडून पाहिला. दोन रायफलींचे बोल्ट एकमेकींत गेले होते. दिसायला काही फरक नाही, बोल्ट बसतो, सरकतोही. साहेब म्हणाले, “चालेल, वेळ होतोय.” मामा म्हणाले, “चालनार नाही, साहेब.” आणि दोन्ही रायफली उचलून बाजूला जाऊन उभे राहिले.

कारण असे, की काडतुसाची मागची कड आणि बोल्टचे तोंड यांत केसाएवढेच अंतर ठेवून प्रत्येक बोल्ट त्याच्या त्याच्या रायफलीला बसवलेला असतो. ते अंतर वाढले, तर बार उडताना काडतुसाचे पितळ बुडाशी फाटू शकते. मग तापलेला वायू मागे येतो, आणि मागे शिपायाचा डोळा असतो. मामांना त्या दिवशी बोलणी खावी लागली. पण डोळे सगळ्यांचे शाबूत राहिले. शाबूत राहिलेल्या डोळ्यांची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही, एवढेच.

यावरून मामांना भेसळीचा तिटकारा असेल असे वाटेल. तसे मुळीच नव्हते! त्यांच्या वहीतली सर्वांत लाडकी रायफल अशी होती: अंग एनफिल्डचे, साल १९१७. नळी ईशापूरची, १९४३ ची. दस्ता त्याहून नवा. बोल्टवरचा जुना नंबर आडवी रेघ मारून खोडलेला आणि शेजारी नवा ठोकलेला. त्या रेघेवर बोट ठेवून मामा म्हणत, “हे खरं काम. बदललं, मोजून पाह्यलं, अन् लिहून ठेवलं.” त्यांचा राग बदलण्यावर नव्हता, बदलून न सांगण्यावर होता.

पुढे मी अमेरिकन फौजेच्या ‘एम-१’ कार्बाईनविषयी वाचले, तेव्हा मामांची फार आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात या कार्बाईनी साठ लाखांहून अधिक निघाल्या, आणि करणारे कोण? टाइपरायटरवाली अंडरवूड, हिशेबयंत्रे करणारी आय. बी. एम., गाणी वाजवणाऱ्या पेट्या करणारी रॉक-ओला! पुष्कळ नळ्यांवर कारखान्याचे नाव, महिना आणि साल असते. बारीकसारीक भागांवर अक्षरांच्या खुणा असतात. पण नळीवरचे साल नळीचेच, बंदुकीचे नव्हे. सुरुवातीला मागची माशी साधी, उलटी-सुलटी पडणारी. पुढे ती सरकवून नेम जुळवता येईल अशी झाली. चाप अडवणारे बटण जाऊन फिरती कळ आली. युद्ध संपता संपता संगीन बसवायची सोय झाली. युद्धानंतर सरकारी कारखान्यांनी जुन्या कार्बाईनी खोलून त्यांना हे नवे भाग चढवले.

आता हौशी संग्राहक हे नवे भाग काढून बाजारातून जुने शोधून आणतात आणि ‘अस्सल’ कार्बाईन सजवतात. गंमत अशी, की युद्धकाळात एका कारखान्याला कमी पडलेले भाग दुसऱ्याकडून येत. म्हणजे कोरी कार्बाईनसुद्धा जन्मतःच चार घरची असू शके! तिला एका कुळाची करायला जावे, तर तिचा खरा इतिहासच पुसला जातो. मामा असते तर एवढेच विचारते, “खोडल्याची रेघ कुठं हाय?”

आमच्या दवनीवाड्याचीही हीच कथा. १९५० पर्यंत ते मध्यप्रांत-वऱ्हाडात होते, मग मध्य प्रदेशात, १९५६ पासून मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात. जिल्हा भंडारा होता, तो १९९९ साली गोंदिया झाला. दर वेळी नवा शिक्का बसला. जुने सातबारे आणि जुनी माणसे मात्र मागचे शिक्के सांभाळून राहिली. म्हणून गाव काही कमअस्सल झाले नाही.

२००८ साली मुंबईवर हल्ला झाला, तेव्हाही छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही शिपायांच्या हाती थ्री-नॉट-थ्रीच होती. त्यानंतर नवी हत्यारे आली, जुनी मागे पडली, आणि ते योग्यच झाले. मामाही आता नाहीत. वही माझ्याकडे आहे. तिच्यात एकही बंदूक सुंदर दिसत नाही. नुसते काळे, घासलेले आकडे, आणि अधूनमधून एखादी आडवी रेघ. त्या रेघा मारणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत; त्यांच्या भरवशावर किती जणांनी डोळा मिटून नेम धरला असेल, हे त्या आकड्यांनाच ठाऊक.