नववा क्रमांक

गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याने कवितांची वही माझ्या टेबलावर ठेवली आणि विचारले, "सर, मी कविता लिहीत राहू का?" वही मी दोनदा वाचली. वृत्त सांभाळलेले होते, शब्द नेटके होते. कविता मात्र कुठे भेटली नाही. हे त्याला सांगावे की नाही, या विचारात बरेच दिवस गेले. पंचवीस वर्षांपूर्वी एका संपादकांनी माझी वही परत करताना "तुम्ही कविता सोडा" एवढेच म्हटले होते. ते खरे होते हे कबूल करायला मला पुढची दहा वर्षे लागली.

या घालमेलीत मला कारिन एन्केची आठवण झाली. खेळाशी माझा संबंध वाचकापुरताच. बर्फावरून घसरणे तर दूरच, बर्फ पडताना मी कधी पाहिलेलाही नाही. तरी या मुलीची कारकीर्द माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे.

एन्केचा जन्म 1961 चा, पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. तिची सुरुवात फिगर स्केटिंगमध्ये झाली. त्या काळी या खेळात दोन प्रकारची परीक्षा असे. आधी अनिवार्य आकृत्या, म्हणजे बर्फावर पात्याने वर्तुळे आणि आठाचे आकडे कोरायचे. ते कोरून झाले की परीक्षक वाकून त्या रेघा तपासत, हस्तलिखित तपासावे तशा. मग संगीतावरचे सादरीकरण आणि त्याला सहापैकी गुण. 1977 च्या युरोपीय स्पर्धेत एन्के नववी आली. सोळावे वर्षही पुरे न झालेल्या मुलीसाठी हे यश लहान नव्हे. पण पदकांच्या हिशेबाने चालणाऱ्या पूर्व जर्मनीच्या क्रीडाव्यवस्थेत नवव्या क्रमांकाला फारसे भवितव्य नव्हते. एन्केने खेळ बदलला आणि ती स्पीड स्केटिंगकडे वळली.

येथे पाते लांब आणि सरळ. चारशे मीटरच्या धावपट्टीवर दोघी जणी कंबरेत वाकून धावतात, प्रत्येक फेरीत आतली आणि बाहेरची मार्गिका बदलतात. गुण नाहीत, परीक्षकांची अभिरुची नाही; फक्त घड्याळ. जेमतेम तीन वर्षांनी, 1980 च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकमध्ये, अठरा वर्षांच्या एन्केने 500 मीटरचे सुवर्ण 41.78 सेकंदांत जिंकले. 1984 मध्ये सारायेव्होला 1000 आणि 1500 मीटरची सुवर्णे मिळाली, 500 आणि 3000 मीटरची रौप्ये मिळाली. पुढे ती कारिन कानिया या नावाने धावू लागली. 1986 मध्ये मेदेओ येथे 1500 मीटर दोन मिनिटांच्या आत पार करणारी ती पहिली स्त्री ठरली. 1988 च्या कॅल्गरीत आणखी तीन पदके आली. एकूण आठ ऑलिम्पिक पदके.

साहित्याच्या माणसाला या कथेचा मोह पडतो. परीक्षकांनी नाकारले, घड्याळाने न्याय दिला, असे तिचे सार काढावेसे वाटते. आपल्याकडे घड्याळ नाही. आहेत ते फक्त परीक्षक. नाकारलेल्या प्रत्येक कवीला वाटते, कुठेतरी एक निःपक्षपाती घड्याळ असते तर! मलाही वर्षानुवर्षे वाटे.

पण हे सार टिकत नाही. 1977 च्या त्याच स्पर्धेत एन्केच्याच देशाची अनेट पोएट्झ्श पहिली आली होती, आणि लेक प्लॅसिडला फिगर स्केटिंगचे सुवर्णही तिनेच जिंकले. परीक्षक आंधळे नव्हते. घड्याळही तितके निष्पाप नाही. पूर्व जर्मनीत खेळाडूंना सरकारी योजनेनुसार उत्तेजके दिली जात होती, हे 1990 नंतर कागदपत्रांतून उघड झाले. तेथील क्रीडासंघटनेचे प्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना 2000 मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. ज्यांच्यावर व्यक्तिशः काहीच सिद्ध झाले नाही, त्यांच्याही पदकांवर त्या व्यवस्थेची सावली पडते. सेकंदाचा शंभरावा भाग अचूक मोजणारे घड्याळ ते सेकंद कसे मिळवले हे सांगत नाही. तो प्रश्न पुन्हा माणसांनाच विचारावा लागतो.

मग या कारकिर्दीत उरते काय? मला वाटते, उरते ती पात्याची कड. स्पीड स्केटिंगमधला वेग सरळ पुढे ढकलण्यातून येत नाही. पात्याच्या कडेवर भार देऊन बाजूला रेटावे लागते, वळणावर सारे अंग आत झुकवावे लागते. कडेवर तोल पेलणे हाच अनिवार्य आकृत्यांचाही अभ्यास होता. वर्तुळे कोरण्यात गेलेली वर्षे गुणपत्रिकेत नवव्या क्रमांकावर थांबली, पायांत मात्र थांबली नाहीत. तिच्या यशाची इतर कारणे असतीलच. पण मी वृत्तांत खर्चलेली वर्षे पुढे दुसऱ्यांच्या कविता वाचताना कानात शिल्लक होती, हे मला याच मुलीमुळे कळले. संपादकांचे वाक्य खरे होते, पण अपुरे होते. काय सोडायचे ते त्यांनी सांगितले, हातात काय राहते ते सांगितले नाही.

विद्यार्थ्याला मी बोलावले. त्याच्या वहीत एका कवितेच्या पाठीमागे आजोळच्या पडक्या घराविषयी दीड पान गद्य होते, बहुधा स्वतःसाठीच केलेले टिपण. ते मी त्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि म्हणालो, "हे लिही." त्याने थोडे थांबून विचारले, "म्हणजे कविता नको?" मी म्हणालो, "माझ्या मते, नको. पण कवितेने तुला हे वाक्य लिहायला शिकवले आहे." पहिले उत्तर त्याने ऐकले, दुसरे ऐकले की नाही, सांगता येत नाही. वही घेऊन तो गेला.

याला दोन आठवडे झाले. अजून तो आलेला नाही. मला स्वतःला दहा वर्षे लागली होती, हे मी विसरलेलो नाही.