टायबरच्या खोऱ्यातला नाईक

पुसद

चि. बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

म्युनिकच्या ग्रंथालयात दुसऱ्या महायुद्धातला जर्मन सेनापती केसेलरिंग याचं आत्मचरित्र हाती लागलं आणि तू भारावून गेलास, हे पत्रातून कळलं. माणूस कर्तबगार होता यात वाद नाही. तुझ्या बव्हेरियातलाच. १९०४ मध्ये तोफखान्यात शिरला, १९३३ मध्ये हवाई दलात गेला आणि ४८व्या वर्षी विमान चालवायला शिकला. १९ जुलै १९४० रोजी हिटलरनं एकाच दिवशी बारा फील्ड मार्शल नेमले, त्यांत हा होता.

लौकिक मात्र इटलीचा. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीनं शरणागती पत्करली, तेव्हा दुसरा जर्मन फील्ड मार्शल रोमेल याचा सल्ला होता की उत्तरेकडे सरकावं. केसेलरिंग म्हणाला, दोस्त फौजांना रोमच्या दक्षिणेलाच अडवू. हिटलरनं अखेर त्याचं ऐकलं. मधोमध डोंगराची रांग आणि तिथून दोन्ही समुद्रांकडे धावणाऱ्या नद्या, असा तो मुलूख. त्यानं एकेक नदी, एकेक कडा लढवला. समोरच्याला दमवायचं आणि मागच्या डोंगरावर पुन्हा ठाण मांडायचं. एकट्या कासिनोसाठी जानेवारी ते मे १९४४ मध्ये चार लढाया झाल्या. ४ जूनला रोम गेलं, तरी त्याची फौज मोडली नाही.

या माघारीचं लष्करी ग्रंथांत फार कौतुक होतं. पण नकाशावरची ती रेषा जमिनीवर काय होती, ते माणगाव तालुक्यातल्या एका तरुणाकडून समजून घे.

१० जुलै १९४४. टायबरचं वरचं खोरं. दोस्त फौजांतल्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन. नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. घाडगे थेट त्या मोर्चावर धावून गेले. हातबॉम्बनं मशीनगन आणि ती चालवणारा निकामी केला, आणखी एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्यानंच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. देह सापडला नाही. कासिनोच्या स्मारकावर नाव तेवढं आहे.

पुढच्या वर्षी, ९ एप्रिल १९४५ रोजी, सेनिओ नदीवर पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बाहेर काढलं. नंतर एकट्यानं तीन मशीनगन ठाणी बंद पाडली. तेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. तोवर केसेलरिंगची बदली पश्चिम आघाडीवर झाली होती. त्यानं घालून दिलेली लढण्याची रीत मात्र तशीच चालू होती.

आत्मचरित्रातली दुसरी बाजू जपून वाच. रोममध्ये बॉम्बस्फोटात ३३ जर्मन पोलीस मेले, म्हणून २४ मार्च १९४४ रोजी आर्देआतिनच्या खाणींत जर्मनांनी ३३५ लोकांना गोळ्या घातल्या. एकास दहा हा हिशेब, त्यावरही पाच जास्त. जूनमध्ये केसेलरिंगचाच हुकूम निघाला: बंडखोरांविरुद्ध नेहमीपेक्षा अधिक कठोरपणे वागणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाठीशी घालीन. हे वाचल्यावर त्याच्या डावपेचांचं कौतुक माझ्या घशाखाली उतरत नाही. १९४७ मध्ये व्हेनिसला ब्रिटिश लष्करी न्यायालयानं त्याला देहदंड सुनावला, तो जन्मठेपेवर आला, आणि १९५२ मध्ये तो सुटलासुद्धा.

जुलैत रजा मिळाली तर उम्ब्रियातल्या मोंतोनेला जा. तिथल्या लोकांनी २०२३ मध्ये घाडग्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं आहे. त्याचा फोटो पाठव. माणगावच्या त्यांच्या पुतळ्याचा माझ्याकडे आहे.

इकडे पावसानं उघडीप दिली आहे, कपाशीत डवरणी चालू आहे. तब्येतीला जप.

तुझा मामा