न ऐकू येणारी शिट्टी

शांतता ही मोठी मायावी चीज आहे. ती नसते तेव्हा माणूस तिच्यासाठी झुरतो, आणि दाम मोजून तिला घरी आणावी तर ती येताना पदराखाली एखादा नवाच आवाज लपवून आणते. त्यातून ठाण्याच्या पूर्वेला, कोपरीत राहणाऱ्या माणसाने शांततेची भाषा करणे म्हणजे धाडसच. एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला पूर्व द्रुतगती महामार्ग. पहिल्या लोकलपासून शेवटच्या लोकलपर्यंत भोंगे, स्टेशनावरच्या घोषणा, रिक्षा आणि सणासुदीला लाउडस्पीकर. इतक्या गर्दीत आणखी एक बारीकसा आवाज आला तर तो कुणाच्या लक्षात यावा? पण आमच्या घरात तो आला, आणि नेमका एकीच्याच लक्षात आला.

झाले असे की, कन्येचे दहावीचे वर्ष सुरू झाले. तिची अभ्यासाची खोली आणि कॉम्प्युटरची खोली एकच, कारण आमच्याकडे खोल्याच मोजक्या. जुना कॉम्प्युटर पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असे. तेव्हा मुद्दाम चौकशी करून बिनआवाजाचा नवा घेतला. आत फिरणारी तबकडी नाही. पंखा मोठा, पण तब्येतीने फिरणारा. पहिले दोन दिवस सगळे खूश होते. तिसऱ्या रात्री कन्या म्हणाली, "बाबा, हा शिट्टी वाजवतोय. बारीक. डास कानाशी आल्यासारखी."

मी कान लावला. मला काही म्हणजे काही ऐकू आले नाही. सौ.लाही आले नाही. माझी आई ऐंशीच्या घरातली. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की तिच्या हिशेबी एक होते. तिने तिथल्या तिथे निकाल दिला, "अभ्यास नको असला की पोरांना शिट्ट्याच ऐकू येतात!" सौ.चा तर्क निराळा आणि अधिक काळजीचा होता. बाहेर आवाज नसताना कानात सूं सूं होण्याचे एक दुखणे असते. तसले तर काही नसेल ना?

म्हणजे प्रश्न शिट्टीचा राहिलाच नाही. मुलीचा कान, मुलीचा शब्द आणि कॉम्प्युटर, या तिघांत बिघडले आहे कोण, असा तो प्रश्न झाला.

माझे मत कन्येच्या बाजूने पडले, त्याला कारण होते. मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरदर्शन सुरू झाले आणि पुढील दहा-बारा वर्षांत चाळीचाळींतून टीव्ही आले. त्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र ६२५ ओळींचे असे आणि सेकंदाला अशी २५ चित्रे उमटत. गुणाकार केला तर १५,६२५ होतात. आतला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला तितक्या वेळा थरथरे आणि तितक्याच कंपनांची बारीक शिट्टी घाली. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज अगदी बंद ठेवला, तरी तो चालू आहे हे आम्हा पोरांना जिन्यातच कळे. वडीलधाऱ्यांना मात्र ते कधीच पटले नाही. माझ्या पिढीचे जे कान तेव्हा खरे बोलत होते, तसले कान आता या पोरीला मिळाले होते.

पण विश्वास वेगळा आणि पुरावा वेगळा. आम्ही आधी साधी परीक्षा घेतली. तिला दोन्ही कानांत बोटे घालायला सांगितले, शिट्टी थांबली. दुखणे कानातले असते तर बोटांनी ते थांबले नसते. मग तिला भिंतीकडे तोंड करून बसवले. माऊस हलला की शिट्टीचा सूर बदलतो, असे तिचे म्हणणे होते. मी मागे बसून मधूनच माऊस हलवी आणि ती "आता" म्हणे. दहापैकी दहा वेळा बरोबर! सौ.च्या चेहऱ्यावरची काळजी गेली. राहिल्या आजीबाई.

त्यांच्यासाठी मी फ्रॅन्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाची मदत घेतली. त्याने १८७६ साली एक चिमुकली शिट्टी केली होती; तिचा सूर वाटेल तितका चढवता येई. ती ऐकवत फिरताना त्याला आढळले की, वय वाढते तसे वरचे सूर माणसाच्या कानांतून गळत जातात. हल्ली ही शिट्टी मोबाइलमध्ये मिळते. जेवणे झाल्यावर तिचा सूर मी हळूहळू चढवीत नेला. सहा हजारांपाशी आई म्हणाली, "बंद पडली वाटते." अकरा हजारांच्या पुढे मीही बाद झालो. आणि कन्या कानांवर हात ठेवून ओरडत होती, "बाबा, पुरे!" तेव्हा सतरा हजार चालले होते. आई क्षणभर नातीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पोर खरे सांगते आहे." आमच्या शोधातला खरा शोध मी हाच धरतो, बाकीचे सारे तारा आणि खिळे.

याच गोष्टीचा इंग्लंडच्या शेजारी वेल्समध्ये हॉवर्ड स्टेपल्टन नावाच्या गृहस्थांनी २००५ साली धंदा केला. दुकानाबाहेर घोळके करणाऱ्या पोरांना पिटाळण्यासाठी, फक्त तरुण कानांना टोचेल असा सूर काढणारे यंत्र त्यांनी बनवले आणि त्याला 'मॉस्किटो' म्हणजे डास हेच नाव दिले. पोरे त्यांच्यापेक्षा हुशार निघाली. त्यांनी तोच सूर मोबाइलची घंटी म्हणून घेतला; वर्गात फोन वाजे आणि मास्तरांना पत्ता नसे!

आता मुद्देमाल शोधायचा. खोलीतला पंखा, मोबाइलचे चार्जर, ट्यूब, एकेक बंद करीत गेलो. शिट्टी कायम. इतका वरचा सूर भिंतींवरून उसळतो, त्यामुळे तो कधी खिडकीतून येतोसा वाटतो, तर कधी कपाटातून. म्हणून वर्तमानपत्राची लांब नळी केली. एक टोक कन्येच्या कानाशी आणि दुसरे कॉम्प्युटरच्या अंगावरून फिरते, अशी नाडीपरीक्षा चालली. आत हात घातला नाही, आणि वीज देणारी पेटी तर उघडायचीच नसते. प्लग काढला तरी तिच्यात धक्का देण्याइतकी वीज काही काळ उरते. चोर एक नव्हता, दोन निघाले. पहिला पडद्यात होता. उजेड कमी केला की पडदा तो उजेड भराभर चालू-बंद करून कमी भासवतो, आणि त्याची कुणकुण होते. उजेड पूर्ण केला, ती थांबली. दुसरा चोर पेटीतल्या मुख्य पाटीवर, प्रोसेसरच्या शेजारी बसला होता.

त्याला घेऊन लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात गेलो. जिथे शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावे लागते, तिथे डासाची शिट्टी ऐकवायची! चाळिशीतल्या तंत्रज्ञाने मान वाकडी करून बराच वेळ ऐकले आणि सांगितले, "साहेब, माल एकदम ओके आहे." त्याच्या कानांपुरते ते खरेही होते.

घरी येऊन वाचन केले, तेव्हा उलगडा झाला. पाटीवर येते बारा व्होल्टची वीज. प्रोसेसरला लागते साधारण एका व्होल्टची. ती उतरवण्यासाठी विजेचे सेकंदाला लाखो तुकडे करतात आणि ते तारेच्या वेटोळ्यांतून गाळून घेतात. दर तुकड्यागणिक वेटोळे किंचित थरारते. चुंबकाच्या जोराने लोखंड लांबी बदलते, हे जूल या शास्त्रज्ञाने १८४२ सालीच दाखवले होते. लाखांची थरथर कुणालाच ऐकू येत नाही, कारण माणसाचा कान फार तर वीस हजारांपर्यंत चालतो. पण कॉम्प्युटरला काम नसले की तो डुलक्या घेतो, तुकडे कमी होतात, आणि लाखांची थरथर हजारांवर उतरून कानाच्या टापूत येते. म्हणजे आमचा कॉम्प्युटर कामाने कण्हत नव्हता. रिकामा बसून शीळ घालीत होता. जुन्या यंत्रातही हे होत असेल, पण गिरणीच्या घरघरीत शीळ कुणाला ऐकू जाणार?

हा प्रकार कोपरीकरांना नवा नाही. ठाणे स्टेशनातून नवी लोकल निघताना चढत्या सुरांत गाते, ते गाणे याच जातीचे आहे. तिथेही विजेचे तुकडेच मोटरला भरवतात. लोकलचे गाणे सर्व वयांना ऐकू येते आणि म्हणून त्यावर कुणी वाद घालीत नाही, इतकाच फरक.

उपाय साधा निघाला. कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन प्रोसेसरच्या गाढ झोपेला बंदी केली. शिट्टी गेली. मोबाइलच्या आलेखावर तेरा हजारांपाशी एक रेघ दिसे, तीही पुसली गेली. विजेचे बिल थोडे वाढेल, पेटी थोडी गरम राहील. पण दहावीच्या वर्षात त्याहून महाग गोष्टी आपण मुकाट्याने सोसतो.

तो सूर मला शेवटपर्यंत ऐकू आला नाही, याची मात्र रुखरुख राहिली. माझ्याच घरात, माझ्याच पैशाने आणलेली वस्तू गात होती आणि मला निरोप मुलीकडून घ्यावा लागला. आणखी तीस-चाळीस वर्षांनी तिच्याही कानांतून तो सूर गळून जाईल. तेव्हा तिच्या घरातले एखादे पोर अभ्यास सोडून येईल आणि कसलासा आवाज येतोय म्हणून कुरकुरेल. तिला काही ऐकू येणार नाही. पण त्या पोराला गप्प बसवण्याऐवजी ती उठून वर्तमानपत्राची नळी करील, अशी माझी खात्री आहे. तोवर वर्तमानपत्रे छापली जात असली, म्हणजे झाले!