जपलेली रायफल मोजली जाते

दुरुस्त करूनही चालणार नाही अशी जुनी बंदूक घरात ठेवली तर 1959चा शस्त्र कायदा तिच्याकडे दुर्लक्ष करतो. जी तेलपाणी करून जपली, ती मात्र मोजली जाते. देवनहळ्ळीत स्थायिक झालेल्या बेळगावच्या एका निवृत्त अभियंत्यांना ही गोष्ट अजून खुपते. टिपू सुलतानाच्या या जन्मगावी त्याच्या काळातली गंजून गेलेली चकमकीची बंदूक कुणाच्या माळ्यावर सापडली, तर ती पुरातन वस्तू. त्यांच्या आजोबांची रायफल मात्र शस्त्रच.

त्यांच्या परवान्यावर हत्यारं तीन: शेतावरची बाराबोर, चुलत आजोबांची .275 रिग्बी आणि आजोबांची .315 बीएसए. रिग्बीचं काडतूस मुळात जर्मन माउझरचं सात मिलिमीटरचं, नाव तेवढं इंग्रजी. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर 1907 साली जिम कॉर्बेटना भेट मिळाली ती याच जातीची रायफल. बीएसएची कथा अस्सल हिंदुस्थानी आहे. .303 हे लष्कराचं काडतूस, म्हणून सामान्य माणसाला बंद. तेव्हा बर्मिंगहॅमच्या कारखान्यानं ली-एनफिल्डच्याच धर्तीचा बोल्ट ठेवून .315ची शिकारी रायफल इथल्या बाजारासाठी काढली. पुढे तशीच रायफल ईशापूरला बनू लागली आणि काडतुसं आपल्या खडकीला.

बीएसए हातात आली तेव्हा दस्त्यावर कुणीतरी फर्निचरचं व्हार्निश फासलेलं होतं. लोखंडाचं काम परवानाधारक कारागिराकडेच दिलं, कारण शस्त्रदुरुस्तीलाही परवाना लागतो. नळीवर द्रावण लावायचं, मुद्दाम गंज चढू द्यायचा, मग ती उकळत्या पाण्यात धरायची. तांबडा गंज काळा होतो. तो तारेच्या मऊ ब्रशनं घासून पुन्हा तेच, रंग खोल होईपर्यंत. लाकूड त्यांनी स्वतः घेतलं. व्हार्निश उतरवलं, पोचे आले होते तिथे ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री टेकवली. वाफेनं दबलेले तंतू फुगून वर आले. मग जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पातळ थरांत. अक्रोडाच्या रेषा दिसू लागल्या.

आणि मग शस्त्र कायद्यातली 2019ची दुरुस्ती आली. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं. विधेयकात तर आधी एकच म्हटलं होतं. जादाचं एका वर्षात जमा करायचं किंवा विकायचं, आणि त्या वर्षातले कित्येक महिने टाळेबंदीत गेले.

द्यायचं कुठलं? बाराबोर सोडायला भाऊ तयार नव्हता, उसात रानडुकरं येतात म्हणाला. रिग्बीला गिऱ्हाईक मिळेना, कारण तिची काडतुसं इथे बनत नाहीत. बीएसएला मात्र लगेच मिळालं. खडकीची काडतुसं मिळतात ना, मग झालं. घेणाऱ्यानं नळीत डोकावून पाहिलं, बोल्ट दोनदा मागेपुढे केला. दस्त्याकडे त्यानं पाहिलंही नाही. ज्या रायफलीवर सगळी मेहनत ओतली, तीच घरातून गेली, आणि तीही काडतुसं मिळतात एवढ्यावरच गेली. हे त्यांच्या मनातून जात नाही.

घराघरांत हत्यारं साठू नयेत, हे त्यांना पूर्ण मान्य आहे. 1972च्या वन्यजीव कायद्यानं शिकार थांबली याचाही त्यांना आनंदच आहे. पण वाडवडिलांच्या, नोंद असलेल्या जुन्या रायफलीला संख्येच्या मोजणीतून वेगळं काढता आलं असतं, आणि त्यांचं हे म्हणणं रास्त आहे. यापुढे कुठल्याच रायफलीला हात लावणार नाही, असं ते त्या वर्षी म्हणाले होते. सध्या रिग्बीच्या दस्त्यावर तेल चढतं आहे.

तुमच्याही घरी अशी रायफल असेल, तर तिचा नंबर आणि प्रूफ हाउसचे ठसे घासू नका. रिग्बीसारख्या कंपन्यांच्या जुन्या वह्यांत नंबरावरून मूळ गिऱ्हाईक सापडू शकतं. परवान्याची जुनी पानं जपा. आणि परवानाधारक सत्तरीला पोचले असतील, तर वारसाच्या नावाचा अर्ज त्यांच्या हयातीतच करा. 2016च्या नियमांत तशी सोय आहे.